पस्तिशीनंतर मेडिकल, डेंटल, लॉ: शिफारसपत्रं आणायची कुणाकडून?

उंबरठा

अमेरिकेत आठ-दहा वर्षं नोकरी करून मग मेडिकल, डेंटल, पीए (फिजिशियन असिस्टंट) किंवा लॉ स्कूलकडे वळणाऱ्यांची गाडी हमखास शिफारसपत्रांपाशी अडते. एमकॅट-एलसॅट या प्रवेशपरीक्षांचा अभ्यास घरी बसून होतो, राहून गेलेले कोर्स संध्याकाळच्या वर्गात पुरे करता येतात. पत्र मात्र दुसऱ्या कुणीतरी, त्याच्या सवडीने आणि त्याच्या शब्दांत लिहायचं असतं.

मेडिकल स्कूलची नेहमीची मागणी अशी: विज्ञान शिकवणाऱ्या २ प्राध्यापकांची पत्रं, विज्ञानेतर विषयाच्या १ प्राध्यापकाचं, किंवा या सगळ्यांऐवजी कॉलेजच्या समितीने लिहिलेलं एकत्रित पत्र, म्हणजे कमिटी लेटर. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या मुलांना नजरेसमोर ठेवून ही यादी केलेली आहे. ज्यांची पदवी जुनी, ज्यांचे प्राध्यापक निवृत्त झाले, त्यांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

जाणकारांनी नेमकं लिहावं अशी विनंती. मुख्य प्रश्न हे:

१. पदवीच्या वेळच्या प्राध्यापकांकडे जावं की नवीन शोधावेत?
२. नोकरीतल्या वरिष्ठाचं पत्र किती चालतं? ऑफिसात कळू द्यायचं नसेल तर काय करायचं?
३. कमिटी लेटर बाहेरून कोर्स करणाऱ्याला मिळतं का?
४. पदवी भारतातली असेल तर तिथली पत्रं उपयोगी पडतात का?
५. पत्र लिहून झाल्यावर ते पोहोचेपर्यंत काय काय बिघडतं?

स्वतःची कहाणी नको, माहिती हवी. धागा पुढच्या वर्षीही लोकांच्या उपयोगी पडला पाहिजे.


खडू_फळा

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

दहा वर्षांपूर्वी शिकवलेल्या प्राध्यापकाला तुमचं नाव आठवत असेल, पण तुम्ही वर्गात काय केलंत ते आठवणार नाही. मग तो गुणपत्रक समोर ठेवून लिहितो: अमुक कोर्स केला, ए मिळाला, विद्यार्थी मेहनती होता. गुणपत्रक प्रवेश कमिटीच्या हातात असतंच, त्यामुळे अशा पत्राने त्यांना काहीच नवं कळत नाही. उलट ‘याला अलीकडे ओळखणारं कुणी नाही का’ ही शंका मात्र येते. एकच अपवाद. त्या प्राध्यापकाबरोबर संशोधन केलं असेल, प्रबंध लिहिला असेल आणि संपर्क टिकून असेल, तर त्याचं पत्र जरूर घ्या. तारीख नवी असावी आणि मधल्या वर्षांत तुम्ही काय केलंत याचा एक परिच्छेद त्यात असावा.

एरवी विज्ञानाची पत्रं नव्या कोर्समधूनच उभी करायची. त्यासाठी कोर्स निवडतानाच पत्राचा विचार हवा, सेमिस्टर संपताना नव्हे.

कोर्स कोणता: अ‍ॅमकास (मेडिकल स्कूलचे अर्ज एकत्र घेणारी सेवा) हिच्या हिशेबात बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ हे चार विषय मिळून ‘बीसीपीएम’ धरले जातात. ‘सायन्स फॅकल्टी’ म्हटलं की बऱ्याच शाळांना यांतलाच प्राध्यापक अपेक्षित असतो. इथे नोकरदार मंडळी फसतात. कम्प्युटर सायन्स नावात सायन्स असूनही बीसीपीएममध्ये येत नाही. इंजिनिअरिंग येत नाही, सायकॉलॉजी येत नाही, नर्सिंगचे कोर्स ‘हेल्थ सायन्सेस’मध्ये जातात. बायोकेमिस्ट्री येते, स्टॅटिस्टिक्स गणितात धरलं जातं. गणिताच्या प्राध्यापकाचं पत्र ‘सायन्स’ म्हणून घेतील का, हे मात्र त्या-त्या शाळेला विचारायचं. सगळ्या शाळा एकसारख्या नाहीत.

वर्ग केवढा: तीनशे जणांच्या हॉलपेक्षा तीस जणांचा वर्ग पत्रासाठी कितीतरी बरा. संध्याकाळचे आणि उन्हाळी वर्ग लहान असतात. जमल्यास एकाच प्राध्यापकाकडे लागोपाठ दोन कोर्स घ्या, म्हणजे ऑरगॅनिक १ आणि २, किंवा लेक्चर आणि लॅब दोन्ही. तीस आठवडे ओळखणारा माणूस पंधरा आठवडे ओळखणाऱ्यापेक्षा दुप्पट नव्हे, चौपट चांगलं लिहितो, कारण त्याने तुम्हाला एकदा अडखळताना आणि नंतर सावरताना पाहिलेलं असतं.

ऑफिस अवर्स: पहिल्या दोन आठवड्यांतच जाऊन सांगा की मी नोकरी सांभाळून मेडिकलची तयारी करतो आहे. पत्र त्या दिवशी मागू नका. पुढे दर दोन आठवड्यांनी एखादा खरा प्रश्न घेऊन जा: सुटलेलं गणित, लॅबमध्ये आलेला विचित्र आकडा, परीक्षेत चुकलेलं उत्तर. नोकरीमुळे त्या वेळेला जाणं जमत नसेल तर ईमेल करून वेगळी वेळ मागा. बहुतेक जण देतात. कोर्स ऑनलाइन असेल तर व्हिडिओवरचे ऑफिस अवर्स हीच एकमेव जागा, ती सोडू नका.

प्रयोगशाळा टीए (प्राध्यापकाचा शिकवणारा मदतनीस) घेत असेल तर तुमचं काम त्यानेच जवळून पाहिलेलं असतं. पण एकट्या टीएची सही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. टीएने मजकूर द्यावा आणि प्राध्यापकाने त्यात आपलं निरीक्षण घालून दोघांनी सही करावी, ही सर्वमान्य पद्धत आहे.

मागायचं कधी: अंतिम परीक्षेआधीच्या एक-दोन आठवड्यांत. ग्रेड लागली की लिहून घ्यायचं. ‘अर्ज दोन वर्षांनी करणार, तेव्हा मागू’ हा विचार महागात पडतो. कम्युनिटी कॉलेजात आणि संध्याकाळच्या वर्गांना शिकवणारे बरेच जण अ‍ॅडजंक्ट असतात. त्यांचा करार सेमिस्टरपुरता असतो. दोन वर्षांनी कॉलेजचा ईमेल बंद, लेटरहेड नाही, माणूस दुसऱ्या राज्यात. पत्र आजच लिहून इंटरफोलियोसारख्या सेवेत गोपनीय म्हणून ठेवायला सांगा. अर्जाच्या वर्षी त्यांनाच विनंती करून फक्त तारीख आणि एखादा परिच्छेद ताजा करून घ्यायचा. माणूस सापडलाच नाही, तर निदान मूळ पत्र हातचं जात नाही.


रानवारा

खडू_फळा, एक प्रश्न. मागताना नेमकं काय म्हणायचं? ‘शिफारसपत्र द्याल का’ म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही, पण मग आलेलं पत्र कोमट असतं.


खडू_फळा

म्हणूनच नकार देणं सोपं जाईल असं विचारायचं. ‘माझ्या कामाबद्दल तुम्ही सविस्तर आणि ठामपणे लिहू शकाल इतकी माझी ओळख तुम्हाला झाली आहे का? नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, मला मुळीच वाईट वाटणार नाही.’ समोरचा घुटमळला, ‘मी बऱ्याच जणांना देतो, पाठव तुझा फॉर्म’ म्हणाला, किंवा ‘तुझी ग्रेड काय होती?’ असं विचारलं, तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. कोमट पत्र नुसतं निरुपयोगी नसतं. अनुभवी वाचक त्याचा अर्थ ‘याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं’ असाच लावतो.

होकार मिळाला की एकाच ईमेलमध्ये पुढचं सगळं द्या:

• एक-दोन पानी रेझ्युमे
• पर्सनल स्टेटमेंटचा मसुदा, कच्चा असला तरी चालेल
• त्यांच्या कोर्समधलं तुमचं काम: तपासलेली उत्तरपत्रिका, लॅब रिपोर्ट किंवा निबंध
• पाच-सहा आठवणी, प्रत्येकी दोन ओळींत: कधी, काय अडचण होती, तुम्ही काय केलंत
• एएएमसीने (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना) पत्रलेखकांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचना
• पत्र कुठे, कसं आणि कोणत्या तारखेपर्यंत पाठवायचं

चौथा मुद्दा लोक संकोचाने गाळतात. तो गाळू नका. प्राध्यापकाला तुमच्याबद्दल मत असतं, प्रसंग आठवत नसतो. ‘ऑक्टोबरमध्ये टायट्रेशनचे आकडे तीनदा वेगळे आले, तेव्हा मी ब्युरेट तपासून गळती शोधली’ एवढं वाचलं की त्यांना तो दिवस आठवतो आणि पुढचं ते स्वतः लिहितात.

मुदत चार ते सहा आठवड्यांची द्या. तुमच्या खऱ्या गरजेच्या तीन आठवडे आधीची तारीख सांगा. आठवण मुदतीच्या दोन आठवडे आधी एकदा आणि तीन दिवस आधी एकदा. त्याहून जास्त नको.


अबोली

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे नोकरीतल्या वरिष्ठांच्या पत्राबद्दल.

आधी हे स्पष्ट असू द्या की मेडिकलला नोकरीतलं पत्र बहुधा प्राध्यापकांच्या पत्रांबरोबर जातं, त्यांच्या जागी नाही. काही शाळा शिक्षण सुटून बरीच वर्षं झालेल्यांना प्राध्यापकाऐवजी वरिष्ठाचं पत्र देऊ देतात. हे शाळेच्या वेबसाइटवर आणि एएएमसीच्या एमसारमध्ये (शाळांच्या प्रवेशाच्या मागण्यांची ऑनलाइन यादी) लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेलं ‘चालेल’ पुढे कुणाला दाखवता येत नाही.

लिहिणारा कोण असावा? तुमचं काम रोज पाहणारा. व्हाइस प्रेसिडेंटचं पद मोठं, पण तो वर्षातून चारदा भेटतो. त्याच्या चार ओळींपेक्षा टीम लीडचं दीड पान कितीतरी वजनदार. कुटुंबाचे डॉक्टर, नातेवाइकांच्या ओळखीतले सर्जन, मंडळाचे अध्यक्ष, राजकारणी यांची पत्रं मागूच नका. ती ओळखीची पत्रं आहेत हे पहिल्या ओळीत कळतं.

मजकुरातली नेहमीची चूक अशी की मॅनेजर परफॉर्मन्स रिव्ह्यू लिहून देतो: प्रकल्प वेळेत पूर्ण केले, महसूल वाढवला, अमुक तंत्रज्ञानात प्रावीण्य. डॉक्टर निवडणाऱ्या कमिटीला त्यातून काही कळत नाही. तिला हवं असतं ते हे: चूक झाल्यावर हा माणूस काय करतो, माहीत नसलेली गोष्ट किती लवकर शिकतो, वैतागलेल्या माणसाशी कसा बोलतो, हाताखालच्यांना कसं वागवतो, थकल्यावर कसा असतो. म्हणून मॅनेजरला आठवणी देताना तांत्रिक यश बाजूला ठेवा. ‘मध्यरात्री सिस्टिम बंद पडली, दोष स्वतःच्या कोडमध्ये असल्याचं कुणी विचारायच्या आत सांगितलं आणि सकाळी ग्राहकाला स्वतः फोन केला’ असा एक प्रसंग महसुलाच्या दहा आकड्यांना भारी पडतो.

कंपनीचा नियम आडवा येतो तेव्हा: मोठ्या कंपन्यांत एचआर फक्त नोकरीच्या तारखा आणि हुद्दा लिहून देतं. कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्यायला मॅनेजरला मनाई असते. तेव्हा त्याने वैयक्तिक पत्र लिहावं. वर स्वतःचं नाव, पत्ता, फोन, ईमेल. पहिल्या परिच्छेदात ‘मी अमुक काळ यांचा थेट वरिष्ठ होतो, हे मत माझं वैयक्तिक आहे’ असा खुलासा. खाली सही आणि तारीख. साध्या कागदावर सही नसलेला मजकूर मात्र पाठवू नये.

ऑफिसात कळू द्यायचं नसेल तर आत्ताच्या वरिष्ठाचा विषय सोडून द्या. नोकरी सोडून गेलेला आधीचा मॅनेजर, दुसऱ्या विभागातला ज्याच्याबरोबर मोठं काम केलं असा लीड, कन्सल्टंट असाल तर क्लायंटकडचा मॅनेजर, हे सगळे उत्तम. स्वतःचा व्यवसाय असेल तर दीर्घकाळचा ग्राहक चालतो. पण त्यापेक्षा हॉस्पिटल, हॉस्पिस किंवा क्लिनिकमध्ये तुम्ही ज्यांच्या हाताखाली स्वयंसेवा करता त्या समन्वयकाचं पत्र अधिक उपयोगी, कारण त्यांनी तुम्हाला रुग्णांबरोबर पाहिलेलं असतं. आठवड्याला तीन-चार तास, सलग वर्षभर एकाच ठिकाणी असाल तर तिथून पक्कं पत्र मिळतं. पाच ठिकाणी दोन-दोन महिने केलंत तर एकाकडूनही मिळत नाही.


तिसरी_घंटा

कमिटी लेटर. याबद्दल गैरसमज फार आहेत.

कमिटी लेटर म्हणजे कॉलेजच्या प्रीहेल्थ कमिटीने तुमची मुलाखत घेऊन, प्राध्यापकांची पत्रं वाचून, संस्थेच्या वतीने लिहिलेलं एक पत्र. लेटर पॅकेट वेगळं. त्यात कॉलेज फक्त पत्रं गोळा करून एकत्र पाठवतं, स्वतःचं मूल्यमापन करत नाही. अ‍ॅमकासमध्ये पत्राचे तीन प्रकार आहेत: कमिटी लेटर, लेटर पॅकेट, इंडिव्हिज्युअल लेटर. कॉलेज यांतलं नक्की काय पाठवणार, हे त्या ऑफिसला विचारूनच नोंद करायची.

पोस्ट-बॅकचा (पदवीनंतर मेडिकलसाठी लागणारे कोर्स पुरे करण्याचा) औपचारिक कार्यक्रम असेल, जसे कोलंबिया, ब्रिन मॉर, गाउचर यांचे आहेत, तर कमिटी लेटर त्यातच येतं. पण नोकरी सांभाळून जवळच्या युनिव्हर्सिटीत सुटे कोर्स करणाऱ्याला ते सहसा मिळत नाही. काही ठिकाणी ठरावीक क्रेडिट्स पुरी केल्यावर देतात. पहिल्या कोर्सची फी भरायच्या आधी प्रीहेल्थ ऑफिसला हा प्रश्न लेखी विचारा.

दुसरं दार म्हणजे तुमचं मूळ पदवीचं कॉलेज, अमेरिकेतलं असेल तर. अनेक कॉलेजं माजी विद्यार्थ्यांना कमिटी लेटर देतात, काहींनी वर्षांची मर्यादा ठेवलेली आहे. त्यांची अंतर्गत मुदत अर्जाच्या वर्षी हिवाळ्यातच संपते. मे महिन्यात चौकशी केलीत तर गाडी सुटलेली असते.

कॉलेजात कमिटी आहे पण तुम्ही तिचं पत्र दिलं नाहीत, तर बऱ्याच शाळा सेकंडरीमध्ये (मुख्य अर्जानंतर शाळा स्वतः पाठवते तो अर्ज) कारण विचारतात. ‘पदवी होऊन १२ वर्षं झाली, कॉलेज ५ वर्षांनंतर कमिटी लेटर देत नाही’ हे एका वाक्यातलं उत्तर पुरेसं आहे. शक्य असेल तर कॉलेजकडून तसा ईमेल मागून ठेवा. लांबलचक स्पष्टीकरण नको, ते सबबीसारखं वाचलं जातं.


पिंपळपान

चौथा प्रश्न, भारतातली पदवी.

अ‍ॅमकास परदेशी कॉलेजांची ट्रान्सक्रिप्ट तपासत नाही, आणि बहुतेक मेडिकल स्कूल काही ना काही शिक्षण अमेरिकेत किंवा कॅनडात झालेलं असावं असं मागतात. त्यामुळे इथे कोर्स करावेच लागतात, आणि पत्रंही तिथूनच उभी राहतात. प्राध्यापकांची तिन्ही पत्रं इथल्या वर्गांतली असणं उत्तम. भारतातलं पत्र चौथं किंवा पाचवं म्हणून द्यावं, तेही त्यात सांगण्यासारखं काही असेल तरच.

आपल्याकडे पत्राचा जो साचा रूढ आहे तो इथे चालत नाही. अर्ध्या पानाचं, ‘प्रामाणिक, कष्टाळू, शिस्तप्रिय, वर्तन चांगले, उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा’ अशा धर्तीचं पत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला. इथे एक ते दोन पानं अपेक्षित असतात, प्रसंगांसकट. सरांना किंवा मॅडमना हे आधी समजावून सांगावं लागतं. त्यात संकोच वाटतो, पण सांगितल्यावर ते आवर्जून लिहितात. पत्र इंग्रजीत, कॉलेजच्या लेटरहेडवर, सहीचं आणि तारखेचं असावं. ‘टु हूमसोएव्हर’ऐवजी प्रवेश समितीला उद्देशून असलं की ते तुमच्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. जीमेलवरून आलेल्या पत्राकडे शंकेने पाहिलं जाऊ शकतं. संस्थेचा ईमेल असेल तर तोच वापरायला सांगा. नसेल तर पत्रात विभागाचा पत्ता आणि फोन असू द्या.

निवृत्त झालेल्यांचं पत्र चालतं. ‘निवृत्त प्राध्यापक, अमुक वर्षापर्यंत विभागप्रमुख’ असं सहीखाली स्पष्ट लिहावं.


रानवारा

> सरांना किंवा मॅडमना हे आधी समजावून सांगावं लागतं

आणि ते म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो’, तर? हे इथले मॅनेजरही म्हणतात.


खडू_फळा

लिहून देऊ नका. पहिलं कारण सरळ आहे. पत्र पाहण्याचा हक्क सोडून दिला असं तुम्ही एकीकडे सांगता आणि दुसरीकडे तेच पत्र स्वतः लिहिता, हे खोटं ठरतं. दुसरं कारण व्यवहाराचं: कमिटी तुमचं पर्सनल स्टेटमेंट, सेकंडरीचे निबंध आणि तीन पत्रं एका बैठकीत वाचते. तीच शब्दकळा, तीच वाक्यरचना दोन पत्रांत दिसली की लक्षात येतं. आणि तिसरं म्हणजे माणूस स्वतःबद्दल हातचं राखून लिहितो. दुसरा जे मोकळेपणाने म्हणेल ते तुमच्या लेखणीतून उतरत नाही.

मार्ग असा: ‘मजकूर तुमचाच हवा असा शाळेचा दंडक आहे, पण तुमचा वेळ वाचावा म्हणून मी मुद्दे काढून आणले आहेत’ म्हणून वर सांगितलेल्या आठवणींची यादी द्या. वेळच नसेल तर वीस मिनिटं भेटून बोला. बोलता बोलता त्यांनाच प्रसंग आठवतात. तरीही अडून राहिले तर दुसरा लेखक शोधा.

हक्क सोडण्याबद्दल: १९७४ च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क आहे. इंटरफोलियो, लॉचे अर्ज घेणारं एलसॅक आणि पीएचे अर्ज घेणारं कॅस्पा यांसारख्या सेवा विचारतात की पत्र पाहण्याचा हक्क सोडता का. सोडा. न सोडलेल्या पत्रावर वाचणारा पूर्ण विश्वास ठेवत नाही, आणि काही प्राध्यापक त्या अटीवर लिहीतच नाहीत.


शाई_दौत

पाचवा प्रश्न. चांगली पत्रं वाटेत कशी हरवतात ते सविस्तर लिहितो, कारण यातल्या बहुतेक चुका टाळता येतात.

अ‍ॅमकासची पद्धत: अर्जाच्या पत्रांच्या भागात प्रत्येक पत्रासाठी एक नोंद करायची. जास्तीत जास्त १० नोंदी. नोंद केली की लेटर आयडी मिळतो आणि लेटर रिक्वेस्ट फॉर्म तयार होतो. त्यावर तुमचा एएएमसी आयडी आणि त्या पत्राचा लेटर आयडी असतो. हा फॉर्म लेखकाला पाठवायचा. लेखक अ‍ॅमकासच्या पत्रलेखकांसाठीच्या पोर्टलवर पीडीएफ चढवतो, किंवा इंटरफोलियोतून पत्र जातं.

काय चुकतं:

एक, लेटर आयडींची अदलाबदल. चार लेखकांना चार फॉर्म पाठवताना फाइलींची नावं सारखीच राहतात आणि केमिस्ट्रीच्या बाईंना फिजिक्सचा फॉर्म जातो. फाइलच्या नावात लेखकाचं आडनाव घाला.

दोन, इंटरफोलियोतून पाठवताना लेटर आयडी चुकीचा टाकणं. पत्र गेलं असं तिथे दिसतं, अ‍ॅमकासमध्ये मात्र येत नाही. दोन्हीकडची स्थिती आठवडाभराने ताडून पाहा.

तीन, पासवर्ड लावलेली पीडीएफ, सही नसलेलं पत्र, वर्डमधून पीडीएफ करताना उडालेलं लेटरहेड. हक्क सोडलेला असल्यामुळे हे तुम्हाला दिसणार नाही. म्हणून पाठवण्याआधी लेखकालाच चार गोष्टी तपासायला सांगा: लेटरहेड, तारीख, सही, तुमचं नाव आणि सर्वनाम. पत्रात एखाद्या शाळेचं नाव घालू नका असंही सांगा, तेच पत्र वीस शाळांना जाणार असतं.

चार, नेमणूक. पत्र अ‍ॅमकासकडे आलं म्हणजे शाळेकडे गेलं असं नाही. कोणतं पत्र कोणत्या शाळेला हे तुम्हाला नेमून द्यावं लागतं. अर्ज सबमिट केल्यावर नवीन पत्र जोडता येतं, आधीचं पत्र आणखी शाळांना देता येतं, पण दिलेली नेमणूक मागे घेता येत नाही. शाळा जास्तीत जास्त ४ पत्रं घेत असेल आणि तुम्ही ७ नेमलीत, तर त्यांनी कोणती वाचायची हे तुमच्या हातात राहत नाही.

पाच, वाट पाहणं. पत्रं आली नसली तरी अर्ज सबमिट होतो आणि त्याची पडताळणीही होते. पत्रांसाठी अर्ज अडवून ठेवणं ही नॉनट्रॅड (नेहमीच्या वाटेने न येणाऱ्या) मंडळींची फार महागडी चूक आहे. अर्ज येतील तसे तपासणाऱ्या रोलिंग अ‍ॅडमिशनमध्ये रांगेतली जागा जाते. फक्त हे लक्षात ठेवा की पत्रं, सेकंडरी आणि एमकॅट हे सगळं आल्याशिवाय शाळा फाइल पूर्ण मानत नाही.

सहा, पुन्हा अर्ज करणारे. मागच्या वर्षीची पत्रं अ‍ॅमकास पुढच्या वर्षी नेत नाही. सगळी पुन्हा मागवावी लागतात. इंटरफोलियोत ठेवलेली असतील तर त्रास कमी, पण मधल्या वर्षात काय बदललं हे सांगणारं निदान एक पत्र नवं असावं.

दहा नोंदींची मुभा आहे म्हणून दहा पत्रं गोळा करत बसू नका. तीन ते पाच पक्की पत्रं पुरतात.


अबोली

मेडिकलबाहेरच्यांसाठी थोडं.

अर्ज घेणाऱ्या सेवा वेगळ्या: डीओसाठी (ऑस्टिओपॅथिक डॉक्टर) आकोमास, डेंटलला आडसास, पीएला कॅस्पा. या सेवांत तुम्ही लेखकाचं नाव आणि ईमेल भरता आणि त्याला थेट लिंक जाते. ती स्पॅममध्ये पडते, म्हणून त्याच दिवशी लेखकाला फोन करून पाहायला सांगा. कॅस्पात पत्राशिवाय गुणांचा तक्ताही भरायचा असतो, त्याची कल्पना आधी द्या. एकदा पूर्ण झालेलं मूल्यमापन काढता किंवा बदलता येत नाही.

त्या त्या पेशातल्या माणसाचं पत्र बरेचदा मागतात: डीओ शाळांना ऑस्टिओपॅथिक डॉक्टरचं, पीएला पीए किंवा डॉक्टरचं, फिजिकल थेरपीला परवानाधारक थेरपिस्टचं, व्हेटला व्हेटचं. एक दिवस मागे उभं राहून असं पत्र मिळत नाही. निदान पाच-सहा भेटी, आणि प्रत्येक भेटीनंतर पाहिलेल्या केसबद्दल एक विचारपूर्वक प्रश्न. लिहिण्याजोगं त्यातूनच जमतं.


तिसरी_घंटा

लॉ स्कूलचं गणित वेगळं आणि नोकरदारांना बरंच सोयीचं. पत्रं एलसॅकच्या सीएएस या अर्ज-सेवेतून जातात. बहुतेक ठिकाणी दोन पुरतात. प्राध्यापकाच्या पत्राला पसंती असते, पण शिक्षण सोडून पाचेक वर्षं झाली असतील तर कामातल्या वरिष्ठाचं पत्र सर्रास घेतात. त्यात लेखन, युक्तिवाद आणि गुंतागुंतीचा मजकूर वाचून निष्कर्ष काढण्याची ताकद यांबद्दल असावं. वकील मित्राने ‘माणूस सज्जन आहे’ असं लिहून दिलेलं पत्र वाया जातं.

इथेही प्रत्येक पत्र प्रत्येक शाळेला नेमावं लागतं, आणि शाळेला लागतील तेवढी पत्रं आल्याशिवाय सीएएसचा रिपोर्ट जात नाही. पत्रावर सही हवीच. सोय एवढी की सीएएसची फाइल ५ वर्षं चालू राहते, त्यामुळे आधीपासून पत्र घेऊन ठेवता येतं.


उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. मेडिकलचं वेळापत्रक एकत्र लावून पाहतो, चुकलं तर सांगा.

अर्जाच्या आदल्या वर्षी: प्रत्येक कोर्स संपताना पत्र घेऊन साठवणं, शाळांची यादी आणि प्रत्येकीची पत्रांची मागणी एका तक्त्यात.
जानेवारी: कमिटीची मुदत तपासणं, आधीच्या लेखकांना कळवणं.
फेब्रुवारी-मार्च: उरलेल्यांना विचारणं, कागद देणं.
मे: अ‍ॅमकास उघडलं की नोंदी करून लेटर आयडी पाठवणं.
मे अखेर ते जून: अर्ज सबमिट.
१ जुलै: सगळी पत्रं पोहोचलेली.


शाई_दौत

बरोबर आहे. एक भर घाला: मागितलेल्या पत्रांपेक्षा एक जास्त लेखक तयार ठेवा. कुणी आजारी पडतं, कुणी रजेवर जातं, कुणी नुसतंच विसरतं.


रानवारा

ऑगस्ट उजाडला, एका प्राध्यापकाचं पत्र आलंच नाही आणि ईमेलला उत्तरही नाही. तेव्हा?


शाई_दौत

विभागाच्या ऑफिसला फोन करून ते शहरात आहेत का एवढंच विचारा. असतील तर ऑफिस अवर्सला प्रत्यक्ष जा, फॉर्मची छापील प्रत घेऊन. तक्रारीचा सूर नको. तीन दिवस वाट पाहा. तरीही नाही आलं तर राखीव लेखकाला त्याच दिवशी सांगा. अ‍ॅमकासमध्ये त्या पत्राची नवी नोंद करा, नवा लेटर आयडी त्यांना पाठवा आणि जुन्या नोंदीसमोर ‘हे पत्र येणार नाही’ अशी खूण करा. ती खूण राहिली तर शाळा न येणाऱ्या पत्राची वाट पाहत फाइल बाजूला ठेवू शकते. नवं पत्र आलं की ते शाळांना नेमा, आणि ज्या शाळांनी पत्रांसाठी फाइल अडवली आहे त्यांना दोन ओळींचा ईमेल करा: कोणतं पत्र बदललं, नवं कुणाचं, कधी पोहोचलं.